फ्लोचार्टचं ओपन सोर्स टूल करायचंय? चौकोन राहू द्या, आधी बाणांचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही तिघं मिळून ब्राउझरमधे चालणारं ओपन सोर्स फ्लोचार्ट टूल लिहिताय, एका वीकेंडला चौकोन, डायमंड, ड्रॅग करणं वगैरे सगळं झालं, आणि आता विचारताय की कॅनव्हास (पिक्सेलमधे रंगवणं) ठेवू की एसव्हीजीवर (प्रत्येक आकार वेगळा राहणारं वेक्टर चित्र) जाऊ, लेआउट स्वतः लिहू की लायब्ररी घेऊ, फाइल फॉरमॅट कसा असावा, लायसन्स कुठलं, आणि मुळात इतकी टूल्स असताना हे करण्यात काही अर्थ आहे का. मी या प्रकारच्या सॉफ्टवेअरवर बरीच वर्षं काम केलंय, त्यातल्या एका ओपन सोर्स प्रोजेक्टचा मेंटेनर म्हणून भरपूर बोलणीही खाल्लीत. माहितीये ते सांगतो, क्रम मागेपुढे होईल, सांभाळून घ्या.

आधी हे सांगतो की वीकेंडमधे जे झालं ते सोपं होतं म्हणून झालं. चौकोन काढणं, हलवणं, रंग देणं हे कुठल्याही ड्रॉइंग प्रोग्रॅममधे असतं. फ्लोचार्टचं टूल लोक वापरायचं की सोडायचं हे ठरवतात ते बाणांवरून. चौकोन हलवला की बाण सोबत आला का, मधल्या दुसऱ्या चौकोनाच्या पोटातून गेला का, दोन बाण एकावर एक बसून एकच दिसतायत का, आणि मी हाताने वाकवलेला बाण टूलने परत स्वतःच्या मनाने सरळ केला का. हा शेवटचा प्रकार झाला ना की माणूस टॅब बंद करतो आणि परत येत नाही.

म्हणून पहिला बदल डेटा मॉडेलमधे करा. मी माझ्या पहिल्या व्हर्जनमधे बाण म्हणजे एक्स वाय ते एक्स वाय अशी रेघ असं साठवलं होतं आणि चौकोन हलला की त्या रेघेचं टोक शोधून तेही हलवायचो, डेमोला एकदम मस्त चालायचं, मग ग्रुप आला, मग ग्रुपमधे ग्रुप आला, मग कॉपी पेस्ट, मग अनडू, आणि प्रत्येक ठिकाणी कुठलं तरी एक टोक मागे राहायचं, शेवटी सगळं फेकून परत लिहिलं. फ्लोचार्ट हे चित्र नाही, ग्राफ आहे, म्हणजे नोड (आकार) आणि त्यांना जोडणारे बाण. बाणाने फक्त एवढंच लक्षात ठेवायचं की तो कुठल्या नोडच्या आयडीपासून कुठल्या नोडच्या आयडीपर्यंत आहे, दोन्हीकडे कुठल्या बाजूला चिकटलाय किंवा बाजू ऑटो आहे, आणि यूझरने मधे स्वतः ठेवलेले वळणाचे पॉइंट कुठले. प्रत्यक्ष रेघ कुठून कशी जाते हे दरवेळी मोजून काढायचं, साठवायचं नाही. पण यूझरने हात लावलेला पॉइंट आणि तुम्ही मोजलेला पॉइंट या दोन वेगळ्या जाती आहेत हे मॉडेलमधेच दिसलं पाहिजे, नंतर ओळखता येत नाही.

आता रेघ मोजायची म्हणजे काय. पहिली पायरी म्हणजे बाण आकाराच्या काठावर कुठे टेकतो. चौकोनाला सोपं आहे, पण बहुतेक सगळे जण सगळ्याच आकारांना त्यांच्या बाहेरच्या चौकटीवर टेकवतात, मग गोल टर्मिनल (सुरुवात शेवटाचा आकार) आणि डायमंडला बाण हवेत लटकतो. प्रत्येक आकाराला स्वतःचं काठाशी छेद काढायचं फंक्शन द्या, लंबगोल, समभुज, समांतरभुज, एवढ्यांचं गणित शाळेतलंच आहे. आणि रेघ जाड असेल तर ती बाणाच्या टोकाच्या थोडी आधी संपवा, नाहीतर टोकातून रेघेचा चपटा कोपरा बाहेर दिसतो. छोटी गोष्ट आहे, पण प्रिंट काढलं की लगेच डोळ्यात भरते.

दुसरी पायरी काटकोनातला मार्ग. इथे लोक आधी इफ एल्स लिहितात, उजवीकडून निघून डावीकडे जायचं असेल तर असं, वरून खाली असेल तर तसं, आणि चार बाजू गुणिले चार बाजू अशा सोळा केसेस होतात. दोन नोडपुरतं हे चालतं, मधे तिसरा नोड आला की संपलं. नीट करायचं तर आकारांच्या कडा आणि मध्यबिंदूंवरून आडव्या उभ्या रेषांची एक जाळी बनवा आणि तिच्यावर ए स्टार, म्हणजे कमीत कमी खर्चाचा मार्ग शोधणारा अल्गोरिदम, चालवा, खर्चात अंतरासोबत प्रत्येक वळणाला दंड लावा. दंड कमी ठेवलात तर जिना तयार होतो, जास्त ठेवलात तर बाण अख्ख्या चार्टला प्रदक्षिणा घालून येतो, मधला आकडा प्रयोग करूनच सापडतो. हे सगळं लिहायचं नसेल तर लिबअव्हॉइड नावाची सी प्लस प्लसमधली लायब्ररी आहे, अॅडॅप्टाग्राम्स प्रोजेक्टमधली, इंकस्केप या ड्रॉइंग प्रोग्रॅमच्या कनेक्टर टूलमागे तीच आहे, एलजीपीएल लायसन्स आहे. एकाच पट्ट्यातून जाणाऱ्या समांतर बाणांना थोडं थोडं बाजूला सरकवून वेगळं करण्याचं काम ती छान करते, आणि हे काम स्वतः लिहायला घेतलंत तर त्यात किती वेळ जातो ते मला विचारा.

ड्रॅग चालू असताना सगळे बाण परत मोजू नका. हलणाऱ्या नोडला जोडलेले, आणि ज्यांच्या वाटेत तो नोड आता आलाय किंवा होता, तेवढेच. ड्रॅग चालू असताना दूरचे बाण उड्या मारायला लागले की यूझरला वाटतं टूलच बिघडलंय, त्यामुळे मी तर त्या दुसऱ्या गटाला माउस सोडल्यावरच हात लावतो.

माउसवरून आठवलं, दीड पिक्सेलची रेघ कोणालाही क्लिक करता येत नाही. प्रत्येक बाणाच्या खाली तोच मार्ग असलेली, न दिसणारी, दहा बारा पिक्सेल जाड रेघ ठेवा आणि क्लिक तिच्यावर पकडा. आणि हे पिक्सेल स्क्रीनचे, चार्टचे नाही, म्हणजे झूम कमी केला की चार्टच्या मापात ती रेघ तेवढी जाड झाली पाहिजे.

मग लेबल. डायमंडमधून निघणाऱ्या बाणांवरचं हो आणि नाही. हे बहुतेक टूल्स बाणाच्या मधोमध ठेवतात आणि फ्लोचार्टसाठी ते चूक आहे, कारण नाहीचा बाण लांबलचक फिरून परत वर जातो आणि त्याचं लेबल चार्टच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतं, वाचणाऱ्याला तर निर्णय डायमंडपाशी हवा असतो. लेबलची जागा बाणाच्या सुरुवातीपासून ठराविक अंतरावर साठवा, टक्क्यात नको. एवढा एक डिफॉल्ट बदलला तेव्हा माझ्याकडे पहिल्यांदा कोणीतरी तक्रार न करता थँक्यू म्हणून लिहिलं होतं.

डायमंडवर आहोतच तर मजकुराचंही सांगतो. चौकोनात मजकूर बसवणं म्हणजे रुंदी मोजा आणि थोडी जागा सोडा. डायमंडमधे नियम वेगळा आहे. मजकुराची रुंदी भागिले डायमंडची रुंदी, अधिक मजकुराची उंची भागिले डायमंडची उंची, ही बेरीज एकपेक्षा कमी किंवा एक राहिली पाहिजे, नाहीतर कोपरे बाहेर येतात. म्हणजे सरळ हिशेबात डायमंड मजकुराच्या दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच लागतो, म्हणजे त्याच्या बाहेरच्या चौकटीचं क्षेत्रफळ मजकुराच्या चौपट. म्हणूनच डायमंड इतके अवाढव्य दिसतात, तुमचं काही चुकत नाहीये. मजकूर दोन ओळींत तोडला की आकार बराच आटोक्यात येतो, त्यामुळे ऑटो साइझमधे एक, दोन, तीन ओळी अशा तिन्ही करून बघा आणि सगळ्यात लहान डायमंड देणारी घ्या.

आणि मजकुराची रुंदी कृपा करून अक्षरं मोजून काढू नका. इंग्रजीतसुद्धा चालत नाही, देवनागरीत तर अजिबात नाही. क्षत्रिय हा शब्द आपण तीन अक्षरांचा वाचतो, युनिकोडमधे तो आठ कोडपॉइंटचा, म्हणजे आठ सुट्या संकेतांचा आहे. ब्राउझरलाच मोजायला सांगा, आणि फॉन्ट लोड झाल्यावर मोजा, आधी मोजलंत तर पर्यायी फॉन्टचं माप मिळतं आणि मग पहिल्यांदा फाइल उघडली की सगळे चौकोन जरासे चुकीचे, दुसऱ्यांदा उघडली की बरोबर, असा बग येतो जो तुमच्या मशीनवर कधीच दिसत नाही कारण तिथे फॉन्ट आधीच कॅशमधे असतो. ओळ तोडतानाही अक्षराच्या मधे तोडायची नाही, हलन्त एका ओळीत आणि पुढचं व्यंजन दुसऱ्या ओळीत गेलं की विचित्र दिसतं, ब्राउझरमधलं इंटल सेगमेंटर यासाठी आहे. पीडीएफ एक्सपोर्टसाठी जी लायब्ररी घ्याल ती शेपिंग, म्हणजे जोडाक्षरं आणि मात्रा नीट जुळवणं, करते का हे पहिल्याच दिवशी कि आणि र्य टाइप करून बघा. वेलांटी व्यंजनाच्या नंतर आली तर ती लायब्ररी सोडा, पॅच करत बसू नका.

कॅनव्हास की एसव्हीजी यावर लोक तावातावाने भांडतात, फ्लोचार्टसाठी माझं मत एसव्हीजी. दोन्हीची चांगली उदाहरणं आहेत, एक्सकॅलिड्रॉ कॅनव्हासवर आहे, ड्रॉ डॉट आयओ एसव्हीजीवर. कॅनव्हास हजारो आकारांना आणि फ्रीहँड रेघोट्यांना भारी पडतो, पण खऱ्या फ्लोचार्टमधे नोड किती असतात, तीस, पन्नास, अगदीच कोणी वेडं असेल तर पाचशे. तेवढ्याला एसव्हीजी आरामात चालतं, क्लिक कुठे झालं ते ब्राउझर सांगतो, स्टाइल सीएसएसने होते, स्क्रीन रीडरला आत काहीतरी सापडतं, आणि एक्सपोर्ट बऱ्यापैकी आयता मिळतो. बऱ्यापैकी म्हटलं कारण एक खड्डा आहे. एसव्हीजी १.१ मधे मजकूर आपोआप पुढच्या ओळीवर जात नाही, म्हणून सगळे जण फॉरेन ऑब्जेक्ट वापरून आत एचटीएमएल घालतात, ब्राउझरमधे सुंदर दिसतं, आणि मग यूझर ती फाइल इंकस्केप किंवा लिबरऑफिसमधे उघडतो तर नुसते चौकोन, मजकूर गायब. ड्रॉ डॉट आयओच्या एसव्हीजीमधे टेक्स्ट इज नॉट एसव्हीजी असा इंग्रजी मेसेज पाहिला असेल तर तो याचाच प्रकार. मी एडिट करताना वर एचटीएमएलचा टेक्स्ट बॉक्स तरंगत ठेवतो आणि दाखवताना व एक्सपोर्टला स्वतः ओळी तोडून साधा एसव्हीजी मजकूर वापरतो. थोडं जास्त काम आहे, पण एकदाच आहे.

आता लेआउट. ऑटो लेआउट स्वतः लिहू नका. शिकायला लिहा, हवं तर रात्री जागून लिहा, पण प्रोजेक्टमधे लायब्ररी घ्या. मागची कल्पना मात्र माहीत हवी. वरून खाली वाहणाऱ्या ग्राफसाठी जवळजवळ सगळे जण जी पद्धत वापरतात ती सुगियामा, तागावा आणि तोदा यांनी १९८१ मधे मांडली. आधी लूपमुळे झालेली वर्तुळं तोडायची म्हणजे काही बाण तात्पुरते उलटे करायचे, मग प्रत्येक नोडला एक थर द्यायचा, मग थरातल्या नोडचा क्रम असा लावायचा की बाण कमीत कमी एकमेकांना छेदतील, मग प्रत्यक्ष जागा द्यायची. एकापेक्षा जास्त थर ओलांडणाऱ्या बाणासाठी मधल्या थरांत खोटे नोड घालतात, म्हणजे त्याच्यासाठी जागा राखली जाते. छेद कमीत कमी करणं हे एनपी हार्ड आहे, म्हणजे मोठ्या ग्राफला नेमकं उत्तर झटपट काढणारी पद्धत माहीत नाही, अगदी दोनच थर असून त्यातला एक पक्का असला तरी, त्यामुळे सगळे जण सरासरी किंवा मध्यक काढून अंदाजाने क्रम लावतात आणि वरखाली काही फेऱ्या मारतात. म्हणून कोणी इश्यूत लिहिलं ना की हा छेद तर सहज टाळता आला असता, तर चिडू नका, त्याचं बरोबर असतं आणि तुमच्या कोडचंही फार चुकलेलं नसतं.

ग्राफव्हिझ या ग्राफ काढणाऱ्या टूलमधला डॉट हा प्रोग्रॅम याच घराण्यातला, बेल लॅब्समधे तयार झालेला, १९९३ चा त्यांचा पेपर आजही वाचण्यासारखा आहे, थर ठरवायला नेटवर्क सिम्प्लेक्स ही गणिती पद्धत कशी वापरली ते त्यात आहे. जावास्क्रिप्टमधे डागर ही लायब्ररी हलकी आहे आणि फ्लोचार्टला बहुतेक वेळा पुरते. ईएलके जास्त ताकदीची आहे, बाण नोडच्या कुठल्या बाजूने निघावा हे तिला सांगता येतं, डायमंडच्या खालून हो आणि उजवीकडून नाही असं हवं असेल तर हेच लागतं. पण ती मूळ जावामधली, जावास्क्रिप्टमधे रूपांतर केलेली आहे, त्यामुळे फाइल एक एमबीच्या वर जाते, गरज पडली तरच लोड करा आणि वेब वर्करमधे, म्हणजे पानाच्या मागे वेगळी, चालवा.

लेआउट बटण दाबल्यावरच झालं पाहिजे. एक नोड वाढवला की आपोआप सगळं परत मांडायचं हा मोह डेमोत भारी दिसतो, पण यूझरच्या डोक्यात आपल्या चार्टचा एक नकाशा बसलेला असतो, पेमेंटचा भाग उजवीकडे खाली आहे असा, आणि तुम्ही एका नोडसाठी तो डावीकडे वर नेऊन ठेवता. बटण दाबलं तरी जुन्या जागेवरून नव्या जागेवर अर्ध्या सेकंदात सरकत जाताना दाखवा, आणि एका अनडूत सगळं मागे आलं पाहिजे.

अनडूबद्दल एवढंच की तो शेवटी घालायची गोष्ट नाही. सगळे बदल एकाच दारातून जाऊ द्या, एका हालचालीचे सगळे बदल एका गठ्ठ्यात, ड्रॅगचे दोनशे माउस इव्हेंट म्हणजे एकच अनडू. नोड डिलीट केला की त्याचे बाणही त्याच गठ्ठ्यात. हे दार एकच असलं की पुढे वायजेएससारखी लायब्ररी जोडून दोन जणांनी एकत्र एडिट करणंही जमतं, तिथे मग नवीनच गंमत असते, एकाने नोड काढला आणि त्याच क्षणी दुसऱ्याने त्याला बाण जोडला, अनाथ बाणाचं काय करायचं. मी तो लपवतो, पुसत नाही, म्हणजे काढलेला नोड अनडूने परत आला तर बाणही येतो.

फाइल फॉरमॅटवर जरा थांबतो, कारण ओपन सोर्समधे कोड बदलता येतो, लोकांच्या डिस्कवर पडलेल्या फाइली बदलता येत नाहीत. मजकुरातला फॉरमॅट ठेवा, जेसॉन चालेल. डिया हे जुनं जीटीके वालं टूल, १९९८ पासूनचं, एक्सएमएल साठवतं पण डिफॉल्टने जीझिपने दाबून, त्यामुळे ती फाइल गिटमधे (बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) टाकली की डिफमधे, म्हणजे जुन्या नव्यातला फरक बघताना, काहीच कळत नाही, कॉम्प्रेशन बंद करायचा पर्याय आहे पण डिफॉल्ट महत्त्वाचा. तुमच्या फाइलमधे नोड आयडीच्या क्रमाने लिहा, एका नोडला एक ओळ, जेसॉनमधल्या कीजचा क्रम पक्का, आकडे गोल करून. १२०.००००००१ असले आकडे एकदा गिटमधे गेले की एक चौकोन हलवला तरी दोनशे ओळी बदललेल्या दिसतात आणि रिव्ह्यू करणारा बघायचंच सोडून देतो. कुठला नोड निवडलेला होता, झूम किती होता, हे फाइलमधे नको. व्हर्जन नंबर पहिल्या दिवसापासून हवा. आणि प्रत्येक जुन्या व्हर्जनच्या दोन चार खऱ्या फाइली टेस्टच्या फोल्डरमधे कायमच्या ठेवा, त्या उघडल्या नाहीत तर रिलीज नाही.

ड्रॉ डॉट आयओची एक गोष्ट बिनदिक्कत उचला, ती म्हणजे एक्सपोर्ट केलेल्या पीएनजी किंवा एसव्हीजीच्या आतच मूळ चार्टचा डेटा ठेवता येतो, ते चित्र परत टूलमधे टाकलं की एडिट करता येतं. ऑफिसात कायम हेच होतं ना, डॉक्युमेंटमधे चित्र आहे, मूळ फाइल कोणाकडे होती तो माणूस सोडून गेला. फक्त एक चेकबॉक्स द्या, कारण चार्टमधे लपवलेल्या थरात काही आतली माहिती असेल तर तीही चित्रासोबत बाहेर जाते.

मजकूर लिहून चार्ट बनवणारी टूल्स, मर्मेड, प्लांटयूएमएल, ग्राफव्हिझ, यांच्याशी स्पर्धा करू की नको असंही विचारलंय. मर्मेड २०१४ मधे सुरू झालं आणि २०२२ च्या फेब्रुवारीत गिटहबने मार्कडाउनमधे ते थेट दाखवायला सुरुवात केली, तेव्हापासून डेव्हलपर लोकांसाठी प्रश्न बऱ्यापैकी मिटला. त्यांच्याशी भांडू नका, त्यांचं इम्पोर्ट करा. मजकूर आणि चित्र दोन्हीकडून एडिट होईल असं टूल करायचा विचार असेल तर सावध, मर्मेडच्या मजकुरात नोडच्या जागा नसतात, म्हणजे यूझरने हाताने हलवलेलं कुठे लिहायचं, आणि मजकुरात त्याने आयडी बदलला तर जुन्या नोडची जागा नव्याला द्यायची का. आम्ही यात सहा महिने घालवून ते फीचर काढून टाकलं. एका दिशेने आत घेणं आणि एका दिशेने बाहेर देणं, दोन्ही वेगवेगळी बटणं, एवढं पुरेसं आहे.

मग अर्थ आहे का. सगळ्यांसाठी सगळं काढणारं अजून एक टूल, तर नाही, ते आहे आणि चांगलं आहे. पण अरुंद काहीतरी धरलंत तर जागा आहे. मला विचाराल तर शिकणाऱ्यांसाठीचा, चालवून बघता येणारा फ्लोचार्ट, ज्यात बाणावरून एक ठिपका पुढे सरकतो, बाजूला व्हेरिएबलच्या किमती बदलताना दिसतात आणि शेवटी पायथॉन कोड मिळतो. इथे मात्र तुम्हाला एक निर्णय घ्यावा लागेल. बाण कुठूनही कुठेही जोडू दिलेत तर तो गोटू, म्हणजे कोडमधे कुठूनही कुठेही उडी, आहे, आणि त्यातून नीट इफ आणि व्हाइल काढणं कटकटीचं आहे. बोम आणि याकोपिनी यांनी १९६६ मधेच दाखवलं की कुठलाही फ्लोचार्ट क्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तिघांत बसवता येतो, पण त्यासाठी जास्तीचे व्हेरिएबल घालावे लागतात आणि असा निघालेला कोड बघून शिकणारा पळून जाईल. त्यापेक्षा एडिटरच असा ठेवा की बाणावर क्लिक केलं की तिथे एक पूर्ण इफ किंवा पूर्ण लूप घुसतो, सुटा बाण ओढताच येत नाही. मग कोड काढणं म्हणजे झाडावरून एक फेरी, आणि लेआउटसुद्धा साधा रिकर्शनने होतो, वर सांगितलेली सुगियामाची सगळी भानगड लागतच नाही. आकारही मोजकेच घ्या. आयएसओ ५८०७ नावाचं १९८५ चं स्टँडर्ड आहे, त्यात पंच टेपचं चिन्हसुद्धा आहे, पण शिकवताना सुरुवात शेवट, प्रक्रिया, निर्णय, इनपुट आउटपुट आणि सबरूटीन याच्या पलीकडे सहसा कोणी जात नाही.

लायसन्स. मी वकील नाही, मेंटेनर म्हणून बोलतोय. इतरांनी त्यांच्या अॅपमधे तुमचा एडिटर बसवावा असं वाटत असेल तर एमआयटी किंवा अपाची २.०, अपाचीत पेटंटबद्दलचं कलम आहे म्हणून कंपन्यांना ते जास्त आवडतं. कोणीतरी सुधारणा करून सर्व्हिस म्हणून विकेल आणि बदल परत देणार नाही याची भीती असेल तर एजीपीएल, पण मग काही कंपन्या हातही लावणार नाहीत हे धरून चला. दुसऱ्याचं घेताना वाचा. डिया जीपीएल आहे, म्हणजे घेणाऱ्यालाही तेच लायसन्स लावावं लागतं, त्यामुळे त्याचे आकार उचलून एमआयटी प्रोजेक्टमधे टाकता येत नाहीत. ईएलके ईपीएल आहे, जीपीएल प्रोजेक्टमधे घालण्याआधी दोनदा वाचा. बीपीएमएन जेएस ही बिझनेस प्रक्रियांच्या आकृत्यांची लायब्ररी बघायला मोकळी वाटते पण तिच्या लायसन्समधे त्यांचा लोगो दिसत राहिला पाहिजे अशी अट आहे. आणि बाहेरची लायब्ररी थेट सगळ्या कोडमधे पसरू देऊ नका, मधे स्वतःचा पातळ थर ठेवा. एमएक्सग्राफ ही आकृत्या काढायची लायब्ररी कितीतरी टूल्सच्या पोटात होती, २०२० मधे तिचं काम थांबलं, नंतर मॅक्सग्राफ नावाने दुसऱ्यांनी पुढे नेली, पण मधल्या काळात ज्यांच्या प्रत्येक फाइलमधे तिचे क्लास होते त्यांची जी धांदल उडाली ती मी जवळून बघितलीये.

सिक्युरिटीचं दोन ओळींत, एसव्हीजीच्या आत स्क्रिप्ट असू शकते आणि लेबलमधे एचटीएमएल चालू दिलंत तर तिथेही, त्यामुळे बाहेरून आलेली प्रत्येक फाइल डीओएमप्युरिफायसारख्या गाळणीतून काढा. चार्ट शेअर करायची लिंक दिलीत की लगेच कोणीतरी हे करून बघतं, माझ्याकडे चौथ्या दिवशी झालं होतं.

नवीन कॉन्ट्रिब्यूटर आले की त्यांना आकार द्या, नवीन आकार म्हणजे एक फाइल, एक काठाचं फंक्शन, एक टेस्ट, दोन तासांत माणूस खूश. राउटिंगमधे, म्हणजे बाणांच्या मार्गाच्या कोडमधे, कोणालाही पहिल्या आठवड्यात सोडू नका. आणि बग रिपोर्टमधे स्क्रीनशॉट नको, चार्टची फाइल मागा, खासगी मजकूर असेल तर सगळ्या लेबलांची अक्षरं बदलून सेव्ह करणारं एक बटण देऊन ठेवा, लांबी तीच ठेवून, म्हणजे लेआउटचा बग टिकतो आणि गुपित बाहेर येत नाही. व्हिझिओ या मायक्रोसॉफ्टच्या टूलच्या फाइलींचं इम्पोर्ट पहिल्याच महिन्यात मागितलं जाईल. त्याची व्हीएसडीएक्स फाइल म्हणजे झिपमधलं एक्सएमएलच असतं त्यामुळे सोपं वाटतं, तसं नाही, तिथे प्रत्येक आकार फॉर्म्युल्यांच्या तक्त्यावर चालतो, सध्या नाही म्हणा.

आत्ता काय करायचं म्हणाल तर कॅनव्हास एसव्हीजीचा वाद बाजूला ठेवा आणि तुमच्या टूलमधे एक साधा लूप काढा, वर एक प्रक्रिया, खाली तीन चौकोन, सगळ्यात खाली डायमंड, आणि डायमंडमधून नाहीची रेघ परत वरच्या प्रक्रियेला जोडा. ती बहुतेक मधल्या तिन्ही चौकोनांच्या पोटातून सरळ वर जाईल. त्याच फाइलपासून सुरुवात करा, ती टेस्टमधे टाका, आणि जमली की मधला एक चौकोन डावीकडे ओढून बघा.